तळकोंडचे खोडकर हत्ती

तळकोंडच्या पडक्या देवळात गेलात, तर मोबाइल बाहेर काढण्याआधी सोनबा गुरव तुम्हाला हटकणारच. ‘‘आधी डोळं मिटा, पाव्हणं. मग हात लावा.’’ इतर ठिकाणी कोरीवकामाला हात लावू नका अशी पाटी असते. इथला रिवाज उलटा. भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग आहे, ती बोटांनी पाहायची असते. छप्पर कोसळलं, वरच्या मूर्ती भंगल्या, हत्ती मात्र शाबूत आहेत.

देऊळ उभं राहत होतं, तेव्हा गावात येसाई नावाची म्हातारी होती म्हणे. पोटी मूलबाळ नाही. पाथरवटांनाच लेकरं मानायची. कळस चढेपर्यंत त्यांना ताक पाजीन, असा तिचा नवस. पण देवळाची कामं का झटपट होतात? कळस लांबच राहिला आणि म्हातारीची नजर गेली. तरी मडकं घेऊन ती चाचपडत यायची. एकदा कान्हू पाथरवटाजवळ बसून रडलीच. ‘‘येवढं ताक पाजलं रं, पर तुमी काय कोरलंसा ते मला कदी दिसायचं न्हाई.’’

कान्हूकडे तळच्या हत्तींचं काम होतं. शास्त्र असं, की सगळे हत्ती एकसारखे हवेत. कान्हूनं शास्त्र धाब्यावर बसवलं. एक हत्ती पुढच्याची शेपटी ओढतो, एक पाठ खाजवतो, एकीच्या पोटाशी पिलू दूध पितं. बोटांना कळावं म्हणून त्यानं ते चांगले उठावदार कोरले.

मुख्य कारागीर आला आणि भडकला. ‘‘देवाच्या दारात पोरखेळ? तासून टाक सगळं!’’

कान्हू छिन्नी उचलेना. तेवढ्यात भिंत चाचपत येसाई आली. तिचा हात एकेका हत्तीवरून फिरत एकापाशी थबकला. त्याची सोंड मडक्यात होती, आणि मडक्याच्या काठाचा टवका उडालेला.

‘‘अगं बया! ह्ये तर माझंच मडकं! मुडदा बशिवला तुजा, ताक चोरतोस व्हय?’’ म्हातारी हसत सुटली. हसता हसता त्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मुख्य कारागिरानं वाकून त्या टवक्यावरून बोट फिरवलं, असं सांगतात. मग म्हणाला, ‘‘राहू दे. डोळसांसाठी वर पुष्कळ कोरलंय.’’

आजही तळकोंडात कुणाची नजर गेली, की घरची माणसं त्याला हाताला धरून आधी इथं आणतात आणि मुकाट बाजूला बसतात. हत्ती ज्याचे त्यानं शोधायचे. रडत आलेलं माणूसही हसतंच, असं सोनबा सांगतो. गेल्या चैत्रात त्याची आई हसली.