झाबेलबायचा दिवा

चुळबुळ पुरे, ऐका आता. फार फार वर्षांपूर्वी, काळथर बंदरावर आगबोटीचा भोंगाही कुणी ऐकला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी हाच दगडी क्रूस होता आणि त्याच्या पायाशी पवित्र मरियेची मूर्ती. ज्या घरची होडी समुद्रात, त्या घरच्या बाईनं दिवेलागणीला तिथं आपला दिवा ठेवायचा. तो बघून होड्या खडक चुकवायच्या. ज्या घरची होडी बुडाली, त्या घरचा दिवा कायमचा बंद. लावायचा तरी कुणासाठी?

झाबेलबायचा दिवा असाच बंद झाला. तिचा एकुलता एक बस्त्याव वादळात गेला. त्याच होडीत शेजारच्या रोजीनचा लोरसू होता, तो फळीला धरून तरंगत परत आला. एकच होडी, एकच लाट, आणि एकीच्या घरी हसू, दुसरीच्या घरी रडू!

रोजीन बिचारी रोज पेज घेऊन यायची. झाबेल ती कोंबड्यांना घालायची. देवळात गेली तरी तिचे डोळे वेदीकडे नसायचे, लोरसूच्या पाठीकडे असायचे. असं म्हणतात, की ती इतकी जळायची, की तिच्या अंगणातला चाफा वाळून गेला.

एका संध्याकाळी आभाळ काळंकुट्ट भरून आलं. शहाण्यांनी होड्या वर ओढल्या, पण लोरसू अजून समुद्रातच होता. क्रूसापाशी एकच दिवा, रोजीनचा. तो ठेवून ती रोजरीची जपमाळ म्हणायला घरी धावली, आणि मागून झाबेल आली. तिनं फुंकर मारली. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून तेलही वाळूत ओतलं.

"आता तुलाही कळू दे, रोजीन!"

मग तिची नजर मूर्तीवर गेली, तशी ती तिच्यावरही उखडली. "आणि तू गं? माझ्याकडे काय बघतेस? तुझा लेक शुक्रवारी क्रूसावर गेला, रविवारी जिवंत होऊन परत आला! माझा कुठाय?" ऐकलंत? देवाच्या आईचाही हेवा करणारी बाई, आणि ती आपल्याच गावात!

असं म्हणतात, मूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, मधला शनिवार विसरलीस? त्या दिवशी घरोघरी सण होता, दुसऱ्यांची पोरं अंगणात खेळत होती, आणि मी दारात बसून बघत होते. तुझा अजून शनिवारच चाललाय. रविवार यायचाय."

झाबेल मटकन खाली बसली. रडू नको म्हणणारे तिला पुष्कळ भेटले होते, माझंही तसंच झालं म्हणणारी ही पहिलीच. बस्त्याव गेल्यापासून कोरडी राहिलेली ती बाई धाय मोकलून रडली.

तेवढ्यात लाटांमधून हाक आली, "आये!" लोरसूचा आवाज! आणि दिव्यात थेंबभर तेल नाही. झाबेलनं डोळे पुसलेला पदर फाडला, त्याची वात वळली आणि चकमक झाडली. असं म्हणतात, ती ओली वात तेलावाचून पेटली. वाऱ्याला पाठ देऊन ती उभी राहिली आणि बस्त्याव गेल्यावर कधी तोंडी न आणलेलं नाव घसा फुटेस्तोवर ओरडली, "लोरसू! इकडं ये, बाळा!"

होडी किनाऱ्याला लागली. रोजीन धावत आली, तेव्हा झाबेल म्हणाली, "दिवा मीच विझवला होता."

रोजीननं पेटत्या वातीकडे पाहिलं. "आणि लावला कुणी?" तिनं एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पेज आली, तेव्हा झाबेलनं दोन थाळ्या मांडल्या. कोंबड्या ओरडत राहिल्या.

हेवा काय एका दिवसात जातो होय? लोरसूच्या लग्नातून ती मधूनच उठून गेली म्हणतात. पण त्याच्या होडीचा दिवा मरेपर्यंत तिनंच लावला.

म्हणून आपल्या बंदरात आजही कुणी आपला दिवा आपण लावत नाही, शेजारीण लावते. आणि पवित्र शनिवारी, म्हणजे त्या मधल्या शनिवारी, पहिला दिवा लावायचा मान त्या वर्षी ज्या घरात मयत झालं, त्या घरच्या बाईचा. ती हात उचलेपर्यंत सगळं गाव अंधारात उभं राहतं. कुणी घाई करत नाही, कुणी "लाव ना" म्हणत नाही. वात पेटली, की तिची शेजारीण तिचा हात धरते आणि म्हणते, "रविवार यायचाय, बाय."