पालथी करवंटी

फार पूर्वी, मीठ बैलांच्या पाठीवरून गावोगाव जायचं त्या काळी, एका उजाड माळाच्या कडेला एक तांडा राहायचा. पलीकडच्या बाजाराला जायचं तर वाटेत एकच विहीर, तीही पाच मुक्कामांवर.

तांड्याची एक रीत होती. निघण्याआधी नायक मातीत हिशेब मांडायचा. पाण्याच्या पखालीला चिंचोका, मुक्कामाला खडा, आणि जे ठाऊक नाही त्याला करवंटी, पालथी. विहिरीच्या जागी कायम करवंटीच.

त्या साली नायक नवा होता. त्यानं करवंटी उताणी केली आणि तिच्यात मूठभर चिंचोके टाकले.

"हे कुठले?" त्याच्या बायकोनं विचारलं. तिच्या कडेवर अंगावर पिणारं पोर होतं.

"विहिरीतलं पाणी. गेल्या साली तुडुंब होती की!"

"गेल्या सालचं गेल्या सालीच पिऊन झालं, धनी."

सगळे हसले. नायकही हसला. "पखाली सहा, रोजची एक. पाचव्या मुक्कामाला विहीर. वर एक शिल्लक! आणखी काय पाहिजे?"

तांडा निघाला. पण बायकोच्या मनातून ते चिंचोके जाईनात. पोरानं पाण्याकडे बोट केलं की ती उरलेल्या पखाली पुन्हा मोजायची.

तिसऱ्या मुक्कामाला तिनं तोच हिशेब पुन्हा मांडला, पण उलट्या बाजूनं. करवंटी बाजूला काढून पालथी ठेवली. पाणी विहिरीपर्यंत पुरेल का, हे विचारायचं सोडून तिनं विचारलं, विहीर कोरडी निघाली तर कुठवर गेलेला माणूस घरी परतेल? चिंचोके आणि खडे सारखे झाले तिथं तिचं बोट थांबलं. उरलेल्या पखाली तीन, घर तीन मुक्काम मागं. ती जागा हीच होती.

ती धावत नवऱ्याकडे गेली. "अहो, उद्या पुढं पाऊल टाकलं की परतीची वाट बंद. इथूनच फिरू या."

"भरलेलं मीठ तसंच घेऊन? लोक तोंडात शेण घालतील."

"वहिनींच्या पदरात पोर आहे," धाकटा दीर म्हणाला, "म्हणून भ्या वाटतंय."

"भ्या वाटतंय म्हणूनच मोजतेय, भावजी."

"आणि विहीर भरलेली असली तर?" नायकानं विचारलं.

"असली तर चांगलंच. पण ती भरलेली असली तरच आपण जगू, असा हिशेब कशाला मांडायचा?"

नायक भडकला. "मग जा! तुझ्या वाटणीचं पाणी घे आणि जा."

तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं मांडलेल्या हिशेबापाशी जाऊन करवंटी उचलली, पदरानं पुसली आणि सुनेच्या हातात दिली.

"तुझ्या मामंजींनी ही कधी उताणी केली नव्हती," म्हातारी म्हणाली.

"मग चला की माझ्याबरोबर, आत्याबाई."

"लेक पुढं चाललाय गं," एवढंच म्हातारी बोलली.

ती एक बैल घेऊन माघारी फिरली. घराच्या कुडाचे शेंडे दिसले तेव्हा तिनं पखाल पिळून शेवटचा घोट पोराच्या तोंडात सोडला.

मग ती वाट बघत बसली. पुष्कळ दिवसांनी माळावरून घंटा ऐकू आली. एकच बैल होता. पाठीवर मीठ नव्हतं, पखाल वाळून लाकडासारखी झालेली. त्याच्यामागं कुणीच आलं नाही. पुढं पाऊसकाळ उलटल्यावर पलीकडचे वाटसरू आले. त्यांनी सांगितलं, त्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. तांडा मात्र कुणी पाहिला नव्हता.

पोर मोठं झालं, बोलायला लागलं. एकदा खेळता खेळता त्यानं करवंटी उताणी केली आणि तिच्यात एक चिंचोका टाकला.

"हे काय रे?"

"बाबा. उद्या येणारेत."

तिचे डोळे भरून आले. तो चिंचोका तसाच राहू द्यावा असं तिला फार वाटलं. मग तिनं तो काढून पोराच्या मुठीत दिला आणि करवंटी हळूच पालथी घातली.

तात्पर्य: जे ठाऊक नाही त्याच्या जागी आपली इच्छा मांडू नये. ठाऊक आहे तेवढ्यावर घर गाठता येईल, असा हिशेब आधी करावा.