भंगार ठरवलेली दुनळी

फार जुनी गोष्ट. एका संस्थानाच्या पेठेत बंदुकांचा एक पारखी राहत असे. नळी आभाळाकडे धरून एकदा आत पाहिलं, की ती कुठल्या कारागिराच्या हातची, ते तो सांगायचा. ज्ञानात खोट नव्हती हो त्याच्या. खोट होती धंद्याच्या रीतीत. उत्तम माल आला, की पहिल्या दिवशी त्याला नावं ठेवायची आणि परत पाठवायचा. चार दिवसांनी मालाचा धनी मान खाली घालून यायचा आणि मिळेल त्या भावाला देऊन जायचा. गरजवंताला अक्कल नसते, असं पारखी वर हसून म्हणायचा.

एके दिवशी एक विधवा बाई आपल्या तरण्याताठ्या मुलाला घेऊन दुकानात आली. तिचा नवरा राजाचा शिकारी. राजाने खूश होऊन त्याला स्वतःची दुनळी बंदूक बक्षीस दिली होती. आता नवरा नव्हता, शेत होतं, पण बैल नव्हते. बंदूक विकून बैलजोडी घ्यावी, असा मायलेकांचा विचार होता.

पारख्याने नळ्यांवर तेलाचं बोट फिरवलं आणि त्या उजेडाला धरल्या. लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून, वेटोळी ठोकून घडवलेल्या नळ्या होत्या त्या. अंगावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटली होती. असली दुनळी त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिच्या मोलात बैलजोडीच काय, पक्कं घर उभं राहिलं असतं.

पण तोंडाने तो म्हणाला, "भंगार आहे हो बाई. सध्या घरीच ठेवा. वाटलंच तर या परत, बघू काय देता येतं ते."

बाईचा चेहरा उतरला. मुलगा मात्र म्हणाला, "विकली जात नाही तर राहू दे. रानडुकरं पीक ठेवत नाहीत. बाजारात ती नवी काडतुसं आलीत, ती घालून बार काढला तर चालेल ना, काका?"

इथे पारखी अडला. असल्या नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. नव्या काडतुसांची तिखट दारू त्यांना सोसायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण फुटेल म्हणावं, तर पोरगा वाटेतच ती लोहाराला देऊन मोकळा होणार आणि असल्या नळ्यांचे विळे होणार. खरं कारण सांगावं, तर नळ्या कुठल्या घडणीच्या ते सांगावं लागणार आणि मोल उघडं पडणार. यांना कुठली परवडतात काडतुसं, अशी त्याने मनाची समजूत घातली. मेल्याला एक शब्द जड झाला!

"तुमची वस्तू, तुम्ही जाणा," एवढंच तो बोलला.

मग तो दाराकडे डोळे लावून बसला. उत्तम दुनळी विकायला येणार आहे, असा एका धनिकाला निरोपही धाडून ठेवला. काही दिवसांनी बाई आली खरी, पण एकटी. तिने फडकं सोडलं. आत तडकलेला लाकडी दस्ता होता आणि फाटून उलगडलेल्या नळ्या. डुकरांवर पहिलाच बार काढला आणि बंदूक मुलाच्या हातात फुटली. हात तर गेलाच, सकाळपर्यंत मुलगाही राहिला नाही, असं तिने सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा उरलं नव्हतं.

"बाई, मी…" म्हणून पारखी थांबला.

"तुम्हाला कशाला बोल लावू, दादा?" बाई म्हणाली. "तुम्ही तर पहिल्याच दिवशी भंगार म्हणाला होतात. फुटणार हे ठाऊक असतं, तर तुम्ही सांगितलंच असतं."

हे लोखंड घरात नको, असं म्हणून ती ते तिथेच ठेवून गेली. पारख्याला तिला हाक मारायची होती. त्याने मारली नाही.

पुढे गावात बोलवा झाली, की बघा, पारखी असावा तर असा, बंदूक वाईट आहे हे त्याने हातात घेताच ओळखलं होतं. लांबलांबून लोक त्याच्याकडे माल दाखवायला येऊ लागले. जो तो येऊन त्याच त्या पारखेचं कौतुक करी, आणि पारखी मान खाली घालून ऐकून घेई.

तात्पर्य: जो दुसऱ्याच्या वस्तूचं मोल दडवतो, त्याला तिच्यातला धोकाही दडवावा लागतो, आणि त्याची किंमत मोजतो तो विश्वास ठेवणारा.