वेदीमागचा संत

“म्हणजे हा खांबही संगमरवरी नाही?”

“नाही. चुन्याचा गिलावा, वर रंग,” फादर इनास म्हणाले.

ब्रदर नेल्सन रुमावने खांबावरचं नख मागे घेतलं. धर्मगुरू होण्याआधीचं शेवटचं वर्ष त्याने या जुन्या कॅथेड्रलमध्ये, फादरांच्या हाताखाली काढायचं होतं. मन मानलं तर. नाहीतर संध्याकाळची एसटी होतीच. आर्किटेक्ट होऊन मग सेमिनरीत आलेला हा गडी. त्याचं मन सहजी मानत नसे.

सकाळपासून एकेक सोंग उघडं पडत होतं. घुमटाखालच्या दोन खिडक्या नुसत्या भिंतीवर रंगवलेल्या. वेदीचं सोनं म्हणजे लाकडावरचा वर्ख. आणि आता खांब.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. देवाच्या घराची ही गत, तर या म्हाताऱ्याचं काय?

नेल्सनच्या मनात कालच पाल चुकचुकली होती. प्रार्थना संपल्यावर फादर वेदीमागच्या बोळात शिरले होते आणि संत अंतोनीच्या लाकडी पुतळ्याच्या पाठीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता. आज सकाळीही तेच.

“त्या पुतळ्यात काय लपवता, फादर?”

विचारलं खरं, पण त्याचे कान तापले.

फादर रागावले नाहीत. हसलेही नाहीत.

“चल.”

बोळात अंधार होता. समोरून रुबाबदार झग्यात दिसणारा संत मागून नुसतं कोरलेलं खोड होता, होडीसारखा रिकामा.

“घाल हात.”

नेल्सनने बाही सारली. वर चाचपलं, खाली चाचपलं, कोपरे धुंडाळले. बोटांना फक्त कोरडं लाकूड लागलं.

“काहीच नाही,” तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याची निराशा झाली.

“नीट बघ.”

“बघितलं, फादर. पोकळ आहे. हाही पोकळच!”

“भरीव ठेवला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकला असता. आता वाळवी आत माती भरू पाहते. म्हणून रोज हात घालून बघतो.”

नेल्सनने बोटांनी आतलं लाकूड पुन्हा एकदा चाचपलं. हात अजून संताच्या पाठीतच होता…

फादर जवळ आले. फणस ठोकून बघावा तसं त्यांनी नेल्सनच्या छातीवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकलं. कान देऊन ऐकलं.

“आणि इथं रे? इथं काय काय भरून आणलंस?”