हसरीची ओली वही

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावातली मुलं भांडत नसत, हट्ट करत नसत, ताटातली भाजी पाहून तोंड वाकडं करत नसत. पाहुणेरावळे येत, तोंडभर कौतुक करत आणि का कोण जाणे, मुक्काम न करता दिवसाउजेडीच निघून जात.

या गावाची एक रीत होती. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी सगळीकडेच पूजा मांडतात आणि सटवाईनं येऊन बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. पण या गावचे लोक पडले हुशार! सटवाई काय लिहून जाईल याचा काय नेम, त्यापेक्षा आपणच काहीतरी चांगलंसं लिहून मोकळं व्हावं, असं त्यांनी कधीतरी ठरवून टाकलं. मग पाचवीला बाळासाठी एक नवी वही शिवायची, घरातल्या वडीलधाऱ्यानं पहिल्या पानावर एक शब्द लिहायचा आणि वही देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवून द्यायची. जो शब्द लिहिला, मूल तसंच होई. अगदी तसंच, आणि तेवढंच. हाकही मारायची ती त्याच शब्दानं.

त्या गावात एक नऊ वर्षांची मुलगी होती. जन्मली तेव्हा झोपेत तिच्या ओठांवर हसू होतं, म्हणून आजोबांनी लाडानं लिहिलं, 'हसरी'. तेव्हापासून ती हसत होती. तिचं कोकरू मेलं, तेव्हा ती हसली. तापानं फणफणली, तेव्हाही हसली. वैद्यबुवा तिच्याकडे बघून म्हणाले, "एवढी गोड हसतेय, हिला कसलं दुखणं!" आणि औषध न देताच गेले. झोपेतसुद्धा तिचे ओठ मिटत नसत. सकाळी उठली की गाल ठणकत.

शेजारच्या घरात 'शांत' होता. त्याला एकदा भर दुपारी विंचू चावला. तो अंगणात तसाच बसून राहिला, तोंडातून हूं नाही की चूं नाही. आई जेवायला बोलवायला बाहेर आली, तेव्हा तो घामानं निथळत होता आणि त्याचे डोळे पांढरे झाले होते. नशीब म्हणून वाचला. गाव म्हणालं, "पण बघा, रडला का?"

एकदा बाहेरगावची एक कासारीण बांगड्या भरायला आली. हसरीच्या हातात चढवता चढवता एक बांगडी फुटली आणि काच मनगटात घुसली. रक्ताची धार लागली. कासारणीनं घाबरून वर पाहिलं, तर पोर हसत होती.

"अगं बाई, हसतेस काय? दुखलं ना?"

"खूप दुखलं," हसरी हसत म्हणाली.

"मग रड की गं!"

"मला येत नाही."

कासारणीच्या अंगावर सरसरून काटा आला. बांगड्यांची टोपली आवरत ती पुटपुटली, "येत नाही कसं? रडू काय विरघळून जातंय होय? कुठंतरी साठत असेल की ते." आणि मागं वळून न बघता ती वेशीबाहेर गेली.

ते बोलणं हसरीच्या मनातून जाईना. त्या दुपारी घरात कुणी नसताना ती गुपचूप बसून ऐकू लागली. देव्हाऱ्याकडून आवाज येत होता. टप. टप. टप.

तिनं पेटी उघडली. तिची वही फुगून दुप्पट जाड झाली होती. पहिल्या पानावरचा शब्द आत्ताच लिहिल्यासारखा काळाभोर, आणि त्याखालची सगळी पानं ओलीचिंब. तिनं एका पानाला कान लावला. आत कुणीतरी हुंदके देत होतं. आवाज तिचाच होता, पण पाच वर्षांची असतानाचा, कोकरू मेलं त्या दिवशीचा. हसरीनं वही मिटली. तिला मोठ्यानं किंचाळावंसं वाटलं, पण ओठ हसतच राहिले.

त्याच महिन्यात तिला भाऊ झाला. भाऊ कसला, भोंगाच! भूक लागली की रडे, दुपटं ओलं झालं की रडे, मुंगी चावली की रडे. प्रत्येक वेळी आई हातातलं काम टाकून धावे आणि काय हवं-नको ते बघे. हसरी तासन्‌तास पाळण्याजवळ उभी राहून ते ऐके. असं रडणं तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

पाचवीचा दिवस आला. दिवेलागणीला घर माणसांनी भरलं. हसरीच्या हातात शाईची दौत दिली होती. आजोबा लेखणी बुडवत म्हणाले, "फार रडतो बुवा हा. याला आपण 'शांत' लिहू."

हसरीला शेजारचा शांत आठवला. हा शांत झाला, तर भूक लागल्याचं आईला कसं कळणार? मुंगी चावली तर? विंचू चावला तर?

"आजोबा, लिहू नका! तो मरेल!"

पण ती हे हसत हसत म्हणाली ना! सगळे खो खो हसले. "आमची हसरी थट्टा करतेय," आजोबा म्हणाले आणि त्यांनी वहीवर पहिलं अक्षर काढलं.

पाळण्यातला आवाज कापल्यासारखा थांबला. हसरी धावत गेली. बाळ रडतच होतं. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड वासलेलं. आवाज मात्र नव्हता. मागं बायका म्हणत होत्या, "बघा कसं गुणी झालं!"

आता बोलून उपयोग नव्हता, तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? हसरीनं दौत खाली ठेवली, पेटीतून आपली वही काढली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवून उघडली.

पाणी भळाभळा वाहू लागलं. आजोबांचं धोतर भिजलं, पाट भिजला, आणि त्या पाण्याबरोबर नऊ वर्षांचं रडणं बाहेर आलं. तान्ह्या मुलीचं, रांगत्या मुलीचं, तापात आईला हाका मारणाऱ्या मुलीचं. घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आईनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. "माझी पोर," एवढंच ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

त्या पाण्यात पहिल्या पानावरचा शब्द विरघळला आणि हसरीचे ओठ थरथरले. हसू निखळलं. ती हमसून हमसून रडली, बाळाच्या वहीवर ओणवून रडली, आणि तिच्या आसवांनी ते पहिलं अक्षर धुऊन गेलं. त्याबरोबर पाळण्यातून असा काही टाहो फुटला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"मी तर लाडानं लिहिलं होतं गं," आजोबा म्हणाले.

"ठाऊक आहे, आजोबा. म्हणून तर मला सांगता येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी गावानं सगळ्या पेट्या उघडल्या आणि वह्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. शेजारच्या शांतानं आपलं पहिलं पान फाडलं आणि तो घसा बसेपर्यंत ओरडला. लोकांनी कानात बोळे घातले, पण गप्प बस असं कुणी म्हणालं नाही. हसरीही त्यानंतर हसली, पण हसू आलं तेव्हाच.

बाळाची वही मात्र कोरीच राहिली. सहाव्या वर्षी त्याला अक्षरं जुळवता येऊ लागली, तेव्हा आजोबांनी स्वतः दौत धरली. त्यानं जीभ बाहेर काढून, बोटं बरबटवून लिहिलं, 'आज मला ताईचा खूप राग आला.' आजोबांचा हात सवयीनं ते पुसायला पुढं झाला, पण त्यांनी तो मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. 'आता गेला.'

तात्पर्य: मुलाच्या वहीत पहिला शब्द मुलानंच लिहावा, मोठ्यांनी फक्त दौत धरावी.