दोन लाख पाहुणे आणि एक घोंगडी

सांगोल्याच्या द्वारकाबाई हिंगमिरे सासऱ्यांच्या नावाने घोंगड्या विणत आणि छोट्याशा वेबसाइटवर विकत. रोज वीसपंचवीस माणसं डोकावत, त्यांतली चारपाच घोंगडी घेत. एके दिवशी लाडका चित्रपटनायक शौर्यराज याने भेट मिळालेल्या घोंगडीसोबत फोटो टाकला, ‘हिच्याशिवाय मला झोप येत नाही.’ तासाभरात दोन लाख लोक वेबसाइटवर तुटून पडले आणि ती बिचारी तीन दिवस बंद पडली. विक्री झाली शून्य.

पुढे सोलापूरच्या प्रदर्शनात शौर्यराजांनी भर मंचावर उपकाराची आठवण करून दिली. "बाई, एका फोटोत तुमच्या दारात दोन लाख माणसं उभी केली. आता घोंगडीला माझं नाव द्या."

आयोजक माना डोलावू लागले. सासऱ्यांचं नाव पुसलं जाणार, हे द्वारकाबाईंनी ओळखलं. तरी त्यांनी नम्रपणे विचारलं, "साहेब, लोक विचारतात, अंगाला कशी लागते?"

"रेशमासारखी मऊ," साहेब झोकात म्हणाले. समोर बसलेले मेंढपाळ मिशीत हसले.

"तरीच," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमची घोंगडी टोचते, आणि टोचते ती अस्सल लोकर, म्हणूनच घेणारे ती घेतात. तुमची दोन लाख माणसं रेशीम शोधत आली, आणि त्या गर्दीत माझी खरी गिऱ्हाइकं दाराबाहेरच राहिली. तुमचं नाव एखाद्या मऊ वस्तूलाच शोभेल, साहेब."

टाळ्यांच्या कडकडाटात साहेब मान खाजवत बसले. नावाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.