उरलेली दोन अक्षरं

"मग शेवटची ही दोन अक्षरं कुठून आली, ओजस?"

यमुनाक्कांनी छापील यादी पुढे केली. तीस वर्षं तंत्रनिकेतनात सी भाषा शिकवून अक्का आता आश्रमात राहत. ओजस त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. ते त्यालाही ठाऊक होतं.

सोळा सोमवारांच्या उद्यापनाची यादी त्याच्याच प्रोग्रॅमने केली होती. नावं इंग्रजी लिपीत. सकाळी संकल्पाला गुरुजींनी जसं दिसलं तसं वाचलं, "मंगल सानेने..."

"काय हो केलं सानेने?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

मंगलकाकू साने हसल्या नाहीत. आपलंच व्रतात काही चुकलं, म्हणून नाव बिघडलं, हे त्यांच्या मनाने घेतलं. दुपार झाली तरी चुरम्याचा द्रोण तसाच समोर ठेवून त्या ओसरीवर बसून होत्या. उपाशी.

"माझा प्रोग्रॅम जादा स्पेस काढून एकच ठेवतो," ओजस म्हणाला. "काकूंनीच टाइप करताना मध्ये तीन दिल्या."

"दोन काढल्यास?"

"काढल्या."

"काढून दाखव."

अक्कांनी पाटी दिली. त्याने इंग्रजीत नाव लिहिलं, मध्ये तीन घरं मोकळी. मग आडनावाचं एकेक अक्षर दोन घरं अलीकडे लिहीत गेला. जिथे लिहायचं, तेवढंच घर पुसायचं.

आडनाव पुरं झालं. पुढे एन आणि ई ही दोन अक्षरं तशीच होती.

"ही... जुनीच राहिली."

"नाव संपलं, हे यंत्राला कसं कळतं?"

"शेवटी शून्य असतं. ते भेटलं की थांबतं." त्याचा हात पाटीवरच राहिला. "अक्षरं अलीकडे आणली, अक्का. शून्य ठेवायचं राहिलं."

त्याने आडनावापुढचं घर पुसलं. तिथे शून्य काढलं.

अक्कांनी नुसतं ओसरीकडे पाहिलं.

ओजस उठला. बाहेर जाऊन काकूंसमोर बसला.

"काकू, तुमचं व्रत नीट झालं. चूक माझी होती."

"खरंच रे बाबा?" काकूंचे डोळे भरून आले. हात द्रोणाकडे गेला.

"खरंच. म्हणजे... तुम्ही त्या तीन स्पेस दिल्या नसत्या, तर..."

काकूंचा हात थांबला.

आतून अक्कांचा आवाज आला.

"ओजस, शून्य."